पैसे पोचले नाहीत

१२ जून

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र कामाच्या पत्त्यावर मिळालं. लेकीच्या पत्रातल्या चुका तांबड्या शाईने दुरुस्त करून तेच पत्र तिला परत पाठवणारे बाप जगात किती असतील, कोण जाणे! छापखाना सोडून इतकी वर्षं झाली, तरी तुमची प्रुफं तपासायची खोड काही जात नाही. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून पत्र लिहायचं, तर पत्रात ही तऱ्हा. मग मी बोलायचं तरी कुठे?

इथे परक्या देशात तर बोलणं असं होतच नाही. मालक सकाळी तळघरात येऊन पेशंटांच्या जबड्यांचे साचे ठेवतो आणि संध्याकाळी मी घडवलेल्या कवळ्या घेऊन वर जातो. मधे दिवसभर मी आणि घासायचं मशीन. टेबलावर दातांच्या रांगा मांडलेल्या असतात, सगळे हसरे, पण एकाला तोंड नाही. परवा मीच एका कवळीला म्हटलं, बाई, तू तरी विचार कशी आहेस म्हणून.

पगाराचं घोडं मात्र अडलंय. मालक रोख देत नाही, खात्यातच भरणार म्हणतो. बँक म्हणते, खातं हवं तर राहत्या पत्त्याचा कागद आण. घरमालकिणीकडे कागद मागितला, तर तिचं म्हणणं, भाडं खात्यातून येऊ लागलं की मगच करार करीन. तिघंही आपापल्या जागी बरोबर आणि मी मधल्या मधे लटकलेली. बरोबर आणलेले पैसे संपत आलेत.

बँकेत काउंटरवर एक बाई बसतात. चष्म्याला दोरी लावून तो गळ्यात अडकवतात, म्हणून मी त्यांना दोरीवाली म्हणते. त्यांनी विचारलं, की इथे तुला ओळखणारं कोणी आहे का, तू त्या पत्त्यावर राहतेस असं लिहून देणारं. मी खूप आठवून पाहिलं. भाजीच्या दुकानातला माणूस मान हलवतो, पण त्याला माझं नाव माहीत नाही. मालकाला नाव माहीत आहे, पण घर माहीत नाही. बाबा, या शहरात माझं नाव आणि माझं घर, दोन्ही माहीत असलेलं एकही माणूस नाही. बाहेर येऊन बाकावर बसले आणि रडले. काळजी करू नका, लगेच थांबलेही.

शेवटी दोरीवालीनेच वाट काढली. बँक त्या पत्त्यावर मला पत्र टाकणार, ते मला मिळालं आणि मी दाखवलं की झालं. पण पत्रपेटीवर नाव फक्त घरमालकिणीचं. मग साच्यांवर लावायच्या चिकटपट्टीवर माझं नाव लिहून मी खाली चिकटवलंय. रोज कामावरून आले की आधी पेटीत हात घालते.

कळावे. लोभ पाठवीत राहा, त्याला खातं लागत नाही.

आपली,
भिंगरी


२९ जून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. चुका फक्त चार, म्हणजे प्रगती आहे. या खेपेस पत्र परत पाठवत नाही. ठेवून घेतले आहे.

माझे उत्तम चालले आहे. भाजी करपते, पण खाणारा मीच असल्याने तक्रार करायला कोणी नाही. तुझी आत्या अधूनमधून येऊन घर आवरते आणि मला चार शब्द सुनावून जाते. तिचा आवाज मात्र मला बरोब्बर ऐकू येतो, हे डॉक्टरांनाही न उलगडलेले कोडे आहे.

बाकावर बसून रडलीस ते वाचले. दोनदा वाचले. पुन्हा रडावेसे वाटले तर जरूर रड, पण मला लिही. न लिहिता रडू नकोस.

माझ्या खात्याचा नंबर आणि शाखेचा सांकेतिक क्रमांक सोबतच्या चिठ्ठीवर आहे. प्रूफ तपासावे तसा तपासला आहे. मला पैशांची निकड नाही, पेन्शन भागते. पण पाठवल्याशिवाय तुला चैन पडणार नाही, तर पाठव.

लोभ आहे, हे सांगायला हवे काय?

तुझा,
बाबा


२० जुलै

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

आलं! बँकेचं पत्र पेटीत आलं! मी जिन्यातच पाकीट छातीशी धरून रडत उभी राहिले. घरमालकिणीने दार उघडून विचारलं की कोणी गेलं का. मी म्हटलं, नाही हो, खातं उघडलं.

पगार जमा झाल्यावर पहिलं काम तुम्हाला पैसे पाठवायचं केलं. दोरीवालीने शेजारी बसवून सगळं समजावलं. इथली बँक थेट तुमच्या बँकेत पैसे पाठवत नाही म्हणे, वाटेत तिसरीच एक बँक लागते आणि ती आपला वाटा कापून घेते. शिवाय भाव रोज बदलतो. पैसे घेणाऱ्याशी नातं काय, तेही लिहावं लागतं. मी लिहिलं, वडील. कारण काय? घरखर्च. दोरीवालीने विचारलं, वडील काय करतात, एकटे असतात का, जेवणाचं कसं. मी सांगत बसले. मागे रांग लागली, पण त्यांनी घाई केली नाही.

आता या पैशांतून तुम्ही जेवणाचा डबा लावायचा. करपलेल्या भाजीचं कौतुक पुरे झालं.

लोभाची काटकसर करू नये, ही विनंती.

आपली,
भिंगरी


६ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पैसे मिळाले. बँकेत जाऊन पासबुकात छापून घेतले. छपाई फिकट आहे, शाई बदला असे मी तिथल्या मुलीला सांगितले. डबा लावला. भाजी करपत नाही, त्यामुळे चवच लागत नाही.

दोरीवालीबद्दल लिहिलेस ते आवडले. पुढचे पत्र असेच सविस्तर येऊ दे. वाट पाहतो.

तुझा,
बाबा


२ सप्टेंबर

ती. बाबा,
सा. न.

या महिन्याचे पैसे कालच पाठवले. आता ते मोबाइलवरूनच होतं, बँकेत जावं लागत नाही. मालकाने जादा काम गळ्यात मारलंय, मान वर करायला फुरसत नाही. बाकी ठीक. तब्येत सांभाळा.

भिंगरी


२० सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पाच ओळींचे पत्र मिळाले. चूक एकही नाही. चूक करायला मजकूर तर हवा.

पैसे मात्र पोचलेले नाहीत. बँकेत जाऊन विचारले, नाहीत म्हणाले. तुझ्या बाजूने चौकशी करावीस. मोबाइलवरून नको, त्या दोरीवालीकडे समक्ष जाऊन कर. आणि काय झाले ते मला नीट लिही.

तुझा,
बाबा


४ ऑक्टोबर

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र बुधवारी मिळालं. दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी, अर्धी रजा टाकून बँकेत गेले. दोरीवालीने लगेच ओळखलं, म्हणाल्या, कवळीवाली ना तू! बाबा, इतक्या महिन्यांत मला पाहून कोणी असं ओळखीचं हसलं नव्हतं. काय सांगायला आले होते तेच क्षणभर विसरले.

त्यांनी शोधाचा अर्ज भरून घेतला. पैसे इथून निघालेत हे नक्की, पण वाटेतल्या बँकेत अडकलेत की तुमच्याकडे, ते कळायला काही आठवडे लागतील. दर गुरुवारी येऊन विचार म्हणाल्या. तोवर तुमचे हाल नकोत म्हणून कोटासाठी ठेवलेले पैसे पुन्हा पाठवलेत. कोटाचं बघू नंतर, दोन स्वेटर एकावर एक घातले की भागतं.

हे पत्र मी दोन बैठकांत लिहितेय. पुष्कळ साचलं होतं. घरमालकिणीने मांजर आणलंय आणि ते माझ्याच दाराशी बसतं. एका म्हाताऱ्याने कवळी घातल्यावर आरशात पाहून शीळ घातली, असं मालकाने सांगितलं आणि मी दिवसभर खूश होते. संध्याकाळी खोलीत आलं की दिवा लावायच्या आधी उगाच हाक मारावीशी वाटते, आणि हाक मारायला कोणी नाही हे हात बटणावर जाईपर्यंत आठवत नाही. मागचं पत्र पाच ओळींचं झालं ते कामामुळे नव्हे. लिहायला बसलं की रडू येतं, म्हणून टाळत होते.

लोभात खंड पडू देऊ नका.

आपली,
भिंगरी


२१ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाले. हे पैसेही पोचले नाहीत.

बँकेत मी पुष्कळ आवाज चढवला. मॅनेजरांनी मला आत बोलावून खुर्ची दिली, पाणी दिले, कपाटातल्या फायली काढायला लावल्या. एका शिपायाने शिडी आणली. काही सापडले नाही. मॅनेजरांनी हात टेकले.

तपासाला उपयोग व्हावा म्हणून तू पुढील माहिती कळवावीस. दर गुरुवारी दोरीवाली काय म्हणाली, तू काय म्हणालीस, येता-जाता कोण भेटले, त्या दिवशी काय जेवलीस. मांजराचेही लिही. कुठल्या गोष्टीतून धागा सापडेल सांगता येत नाही.

माझे हाल वगैरे काही नाहीत. पुन्हा पैसे पाठवू नकोस. कोट घे. ही आज्ञा समज.

तुझा,
बाबा


८ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हे पत्र बाबांना दाखवू नकोस. आज बँकेत शोधाचा निकाल लागला. दोरीवालीने कागद पुढे केला. दोन्ही वेळचे पैसे पाठवल्यानंतर चारच दिवसांत बाबांच्या खात्यात जमा झालेत, तशी त्यांच्या बँकेची पोच आहे. मी दोनदा वाचलं.

आत्या, माझा धीर सुटलाय. बाबांना आता आठवत नाही का? की कोणी त्यांना फसवून पैसे काढून घेतंय? मॅनेजर, शिडी, फायली असं काय काय लिहिलंय त्यांनी. त्यांना भास होतायत का? तू जवळ आहेस, काय ते बघ आणि खरं असेल तेच लिही. मला झोप नाही.

तुझी,
भिंगरी


२५ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

आधी जीव भांड्यात पडू दे. तुझ्या बापाला सगळं आठवतं, नको तेही आठवतं. पैसे जागच्या जागी आहेत, मी पासबुक डोळ्यांनी पाहिलं. कोणी फसवलेलं नाही. फसवणारा तोच आहे.

मी त्याला समोर बसवून चांगला फैलावर घेतला. पोरीने कोट घेतला नाही तिकडे थंडीत, लाज नाही वाटत का म्हटलं. आधी ऐकू येत नाही म्हणाला. मग म्हणाला, पैसे अडले होते तेव्हा ती चार-चार पानं लिहायची. पैसे आले आणि पोरगी गेली. पाच ओळी उरल्या. त्या पाच ओळी तो खिशात घालून हिंडत होता गं. मी धुवायला सदरा घेतला तेव्हा सापडल्या.

मी म्हटलं, अरे मग सरळ लिही ना, की करमत नाही, पत्र टाक. तर म्हणाला, ती तिथे आधीच एकटी आहे, त्यात माझं ओझं कशाला? म्हणून पैशांचं निमित्त केलं. इतकी अक्कल, आणि ती अशी चालवायची!

कोटाचं वाचल्यापासून मात्र तो धड जेवलेला नाही. खोटं कसं मागे घ्यावं हे त्याला कळत नाहीये. मी तुला सांगितलं हे त्याला कळू देऊ नकोस. फार लाजरा आहे तो, पहिल्यापासून.

माया आहेच, ती काही बँकेत ठेवलेली नाही.

तुझी,
आत्या


१२ डिसेंबर

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या आज्ञेप्रमाणे कोट घेतला. राखाडी आहे, लांब आहे, आणि त्याचा खिसा इतका मोठा की तुमची सगळी पत्रं मावतात.

आता तपासाबद्दल. गुरुवारी दोरीवालीकडे गेले आणि सगळी हकिकत सांगितली. त्यांनी चष्मा काढून दोरीवर सोडला. मग विचारलं, शेवटची रजा कधी घेतली होतीस. त्यांचं मत असं पडलं की हे प्रकरण पत्रापत्रीने सुटणारं नाही. अशा वेळी पाठवणाऱ्याने स्वतः जावं आणि घेणाऱ्याच्या शेजारी बसून शोध घ्यावा.

मालकाला म्हटलं, घरी पैशांचा मोठा घोळ झालाय, जायलाच हवं. त्याने लगेच रजा दिली. बाबा, वडिलांची आठवण येते असं खरं सांगायचं होतं, तोंडापर्यंत आलंही होतं. पण मलाही पैशांचंच निमित्त सापडलं. आपल्या घराण्यातच असावं हे.

खरं सांगू का? पैसे पोचले नाहीत म्हणून मी दर गुरुवारी बँकेत जात होते, आणि आठवड्यातून तेवढंच एक माणूस मला विचारायचं, काय म्हणतात वडील. पैसे पोचले असते तर ते विचारणंही गेलं असतं. त्यामुळे झालं त्याचा मला राग नाही, तुम्हीही मनाला लावून घेऊ नका. नीट जेवा. यापुढे पैसे पोचोत न पोचोत, दर रविवारी चार पानं पोचतील. रडू आलं तर रडत लिहीन, शाई पसरेल, तेवढी चूक पोटात घाला.

पुढच्या महिन्याच्या दहा तारखेचं तिकीट काढलंय. न्यायला येऊ नका, आत्याला पाठवा. नाही, तुम्हीच या.

बाकी सर्व भेटीअंती.

आपली,
भिंगरी

ता. क. एक विनंती. मी आल्या-आल्या पैसे सापडले म्हणून सांगू नका. तीन आठवड्यांची रजा आहे. सावकाश शोधू.