दिराची सही

मुर्री, मंगळवार, संध्याकाळ

आज सेवंतानं जे तोंडावर विचारलं, ते लिहून ठेवते आहे.

योजनेचे अर्ज भरून घेणं माझं काम; सरकारी अनुदानातून छतावर सोलर बसव, म्हणून तिच्या मागे मीच लागले. एकटी विधवा बाई, तेवढाच आधार. घर आणि विजेचं मीटर अजून वारलेल्या सासऱ्याच्या नावावर. मीटर तिच्या नावावर करायचं तर दिराची सही हवी. संमतिपत्र मीच लिहिलं, आमगावला दिराकडे मीच घेऊन गेले. कित्येक वर्षांत त्यानं या घराची आठवण काढली नव्हती. कागद वाचून म्हणाला, "अरे, घर अजून बापाच्याच नावावर हाय का? मंग पहले वाटणी, सोलर बादमें."

आज तो टेप घेऊन आला, घर मोजून गेला. विकायचं म्हणतो.

"मॅडम, बुढ्याच्या नावावर चालून राहिलं होतं ना? काऊन उकरलं तुम्ही?"

योजना चांगली, नियमही बरोबर. मग चुकलं कुठे? त्या सहीत. दीर कसा आहे, हे मी आधी विचारलंच नाही. छतावर ऊन किती वेळ असतं, एवढंच विचारलं.

अर्ज मागे घेतला. सेवंताच्या हाती दिलं: वीजबिल, घरटॅक्सची पावती, सासऱ्याच्या मृत्यूचा दाखला, बिनसहीचं संमतिपत्र आणि गोंदियातल्या एका वकिलाचा पत्ता.