खंगर वीट

शहाड,
४ फेब्रुवारी २०२५

ती. प्रमोदिनीआत्यास,
शि. सा. न.

फोन करत नाही, कारण आजोबा शेजारच्या खोलीत असतात आणि त्यांना अजून सगळं ऐकू येतं. माझ्या हातून मोठी चूक झाली आहे.

त्यांच्या वहीवरून मी उतरवलेलं अभंगांचं पुस्तक छापून आलं. दोनशे प्रती पलंगाखाली आहेत. काल आपल्या वीटभट्टीवरची जुनी गोदामावशी आली. तिला हौसेनं शेवटचा अभंग वाचून दाखवला : ‘सुंदर मी वीट, घाल मज पायात’. ती हसतच सुटली. म्हणाली, शेठ सोताला सुंदर कधीपासनं बोलायला लागले? ते तर खंगर बोलायचे.

वहीत आजोबांनी जुन्या वळणाचा ख काढलाय. मी तो ‘रव’ वाचला. ‘रवंगर’ कोशात सापडेना, म्हणून माझ्याच मनानं ‘सुंदर’ केलं. आत्या, ज्यांनी अंगणात विटेच्या तुकड्यानं मला ख गिरवायला शिकवला, त्यांचाच ख मला कळला नाही. सोळा तारखेला आंबिवलीच्या देवळात भजनी मंडळ हाच अभंग म्हणणार. आजोबांना सांगू का? आणि खंगर म्हणजे नेमकं काय गं?

रागाव, पण माया आटू देऊ नकोस.
तुझी कल्पिता

ठाणे,
७ फेब्रुवारी २०२५

चि. कल्पितास,
अनेक उ. आ.

आधी हसले, मग पत्र पुन्हा वाचलं. खंगर म्हणजे भट्टीत जास्त भाजून काळी, वेडीवाकडी झालेली वीट. भिंतीला कोणी घेत नाही. पण ती पाणी पीत नाही, म्हणून बाबा ती पायात घालायला द्यायचे. देवळाचा पाया आणि देवाचे पाय, दोन्ही त्या एका शब्दात आहेत. आणि तू विनवणीची फुशारकी केलीस, बाई! आई चिडली की बाबांना खंगरच म्हणायची. शब्द तिथूनच आला असणार.

लपवू नकोस. एकदा कच्च्या विटांची गाडी गेली, तर गिऱ्हाइकाला कळायच्या आत बाबा स्वतः त्याच्या दारात सांगायला गेले होते. तू त्यांचीच नात.

तब्येतीला जप, मला विसरू नकोस.
तुझी आत्या

शहाड,
१७ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न.

बुधवारी आजोबांना सांगितलं. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. चहा निवला तरी घेतला नाही. संध्याकाळी त्यांनी पेन मागितलं, मोठा ख काढला आणि मला दहा वेळा गिरवायला लावला. मग आम्ही तीन दिवस बसून प्रती दुरुस्त केल्या.

काल देवळात सगळ्यांनी ‘खंगर’ म्हटलं. गोदामावशी सर्वांत मोठ्यानं.

दुरुस्त प्रती मी दोनदा मोजल्या, तर एकशे नव्याण्णवच. घाबरून शोधते, तर उरलेली एक, ‘सुंदर’च राहिलेली, आजोबांच्या उशाखाली. दुरुस्त करायला मागितली, तर दिली नाही. म्हणाले, वर गेल्यावर ही प्रत तुझ्या आजीला दाखवायची आहे.

तुझा लोभ आता पुन्हा हक्कानं मागते.
कल्पिता