फुकटची हाळी

औंढा नागनाथ,
सोमवार, १७ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप संतराममामा आणि चंद्रभागामामींना मुन्नाचा नमस्कार.

मामा, हे पत्र मी महिनाभर टाळत आलो. आधी कागद नव्हता. कागद आणला तर पेन उठंना. पेन आणला तर शिवरात्रीच्या दुकानांची बांधाबांध निघाली. आज सगळी कारणं संपली म्हणून बसलोय.

वाचून दाखवणार कोमलच, मला माहीत आहे. कोमल, बातम्या वाचतेस तसं भराभरा वाचू नको. आणि मधे थांबून बाबाच्या तोंडाकडं पाहू नको. मी पण म्हणूनच लिहून राहिलो. पत्रात तोंडाकडं पाहावं लागत नाही.

मी इथं उत्तमसिंगच्या नारळाच्या दुकानात आहे. देवळाच्या रस्त्याला, डाव्या हाताला. जेवण त्याच्याच घरी. एक बकरी आहे कुणाची तरी, रोज दुपारी येऊन एक हार खाते आणि झेंडूचा असला तरच खाते, शेवंतीला तोंड लावत नाही. उत्तमसिंग म्हणाला, तू पुस्तकवाला आहेस तर पाटी लिहून दे. मी लिहिली, ‘चप्पल ठेवण्याची सोय मोफत आहे’. मामा, माझ्या पुस्तकापेक्षा जास्त माणसांनी ती वाचली. वाचून लगेच चप्पल काढतात. पुस्तक वाचून कुणी काय काढलं, मला माहीत नाही.

कुठं चाललो मी. पुस्तकाचंच सांगायचं होतं.

हिंगोलीचे विश्वंभर सर तुम्हाला आठवत असतील. माझं पुस्तक त्यांनी छापलं, पहिली प्रत तुमच्या हातात दिली, आणि तुम्ही ती उलटी धरून म्हणालात, “वजन बरं हाय.” ते सर. छापून चार महिने झाल्यावर त्यांनी मला हापिसात बोलावलं.

“मुन्नाजी, तुम्ही कुठंच नाहीत.”

“इथंच हाय की सर, तुमच्या म्होरं.”

“ऑनलाइन कुठं नाहीत. लेखकाचं ऑनलाइन अस्तित्व लागतं आता. पुस्तक नंतर विकतं, आधी माणूस खपतो.”

त्यांच्या हापिसात सीमा म्हणून एक मुलगी आहे, कॉम्प्युटरवर बसते. तिनं मला कागदच लिहून दिला. रोज एक रील. आठवड्याला एक लाइव्ह. कुणी काही विचारलं तर तासाभरात उत्तर. चेहरा दिसला पाहिजे. सर म्हणाले, दहा हजार लोक तुमच्या मागं लागले की दुसरं पुस्तक छापू, तोवर विषय काढू नका. दुसऱ्या पुस्तकाची वही तर मी तेव्हाच त्यांच्या टेबलावर ठेवली होती. शंभर पानं. त्यांनी तिच्यावर चहाचा कप ठेवला.

नववी नापास माणसाला कुणी लेखक म्हणालं की काय होतं, ते तुम्हाला कसं सांगू? तुम्ही मला आईमागं वाढवलं, मेंढरामागं चालायला शिकवलं. पण मी एका जागी टिकलो नाही. ढाब्यावर राहिलो, ट्रकवर राहिलो, नांदेडला रंगकाम केलं, सगळीकडून पळून आलो. पुस्तक ही एकच गोष्ट मी शेवटपर्यंत केली. ती सुटू नये म्हणून मी नाचायला पण तयार होतो.

आणि नाचलोच. पुस्तकातलं पान वाचून टाकलं, ते तेवीस जणांनी पाहिलं. त्यात दोन वेळा सीमाच होती. मग तीन दगडांवर भाकरी भाजली. मग भर उन्हात घोंगडं पांघरून उभा राहिलो, घामानं डोळे चुरचुरले, तर कुणीतरी लिहिलं की भाऊ भावुक झाले. शेवटी सीमा म्हणाली, “तुमच्याकडं एखादा आवाज नाही का? गावाकडचा? लोकांना आवाज आवडतात.”

मामा, आता ज्या दिवसाचं सांगतो, तो दिवस तुम्हाला आठवेल. दिवाळी होऊन गेली होती. मेंढरांचं खांड कनेरगाव नाक्याच्या अलीकडं, रामप्रसादच्या वावरात बसवलेलं होतं. मी दोन दिवस मुक्कामाला आलो. मामींनी ठेचा केला. तुम्ही आणि आपले गडी पेमाकाका बोरीखाली बसला होता. मी म्हणालो, मामा, एकदा हाळी द्या, मला मोबाइलमधी घ्यायची हाय.

“काहून?”

“लोकायला ऐकू द्या की.”

“लोकं काय मेंढरं हायत व्हय?”

पेमाकाका हसायला लागले. “म्या देतो की. माही घे.”

“तुही हाळी ऐकून शेळीबी मान फिरवत न्हाई,” तुम्ही म्हणालात. “एकोणीस वरसं झाली संगं हिंडून, अजून मेंढरायला तू पाहुणाच वाटतो.”

मग माझ्याकडं वळून तुम्ही जे बोललात, ते मी लिहून ठेवलं नाही तरी पाठ आहे. “फुकट हाळी देऊ न्हाई, मुन्न्या. हाळी दिली की तिच्या शेवटाला माणूस उभा पायजे. जनावर इश्वासानं येतं.”

मी मान डोलवली. आणि संध्याकाळी, खांड चरून परतायच्या टायमाला, बाभळीमागं दडून तुमची हाळी घेतली. तुम्हाला न सांगता. पहिला तो घशातला हुर्रर्र, मग लांब ह्योऽऽ, मग जिभेचे ते तीन ठोके. उतारावरून खांड वळतं, म्होरं गळ्यात घंटी बांधलेली कवडी मेंढी, मागं सगळी. बावीस सेकंद. सीमानं सांगितलं, गावाचं नाव टाका, तिथले लोक पुढं पाठवतात. मी टाकलं, कनेरगाव नाका.

चार दिवसांत दीड लाख लोकांनी पाहिलं. माझ्यामागं अकरा हजार जण लागले. विश्वंभर सरांनी पेढे आणले. “बघा,” म्हणाले, “याला म्हणतात अस्तित्व.” मी दोन पेढे खाल्ले. अस्तित्व माझं म्हणून आणि आवाज तुमचा, हे मला पेढे खाताना सुचलं नाही.

कोमल, तू पण पाहिली होतीस, मला अंगठा पाठवला होतास. बाबाच्या साध्या फोनवर ते येत नाही म्हणून आपण दोघं गप्प बसलो. आता इथं अडखळू नको. वाच.

आता पाच जानेवारी.

त्या दिवशी तुम्ही मामींच्या औषधाला हिंगोलीला गेला होता. खांडापाशी पेमाकाका एकटे. दिवस मावळायला आलेला. तुम्ही जीपमधून उतरलात तेव्हा सडकेवर अकरा मेंढरं पडली होती. त्यात कवडी होती. ट्रक निघून गेला होता. तुम्ही पेमाकाकाला थोबाडीत मारली आणि म्हणालात, “झोपला व्हतास!” ते काही बोलले नाहीत. तुम्ही म्हणालात, पुन्हा दिसू नको. ते घोंगडं उचलून चालायला लागले. हे सगळं मला कोमलनं फोनवर रडत सांगितलं. मी तेव्हा विश्वंभर सरांच्या हापिसात बसून लोकांना धन्यवाद, धन्यवाद लिहीत होतो.

मामा, पेमाकाका झोपले नव्हते.

वावराच्या समोर, सडकेपलीकडं ढाबा आहे ना. त्या ढाबेवाल्याला कुणीतरी माझी रील दाखवली. आपल्या नाक्याचा व्हिडिओ म्हणून तो खूश झाला. मोठ्या स्पीकरला मोबाइल जोडला आणि गिऱ्हाइकांना ऐकवत बसला. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. ती संध्याकाळ होती, मेंढरं वावरात बसलेली होती, आणि सडकेपलीकडून तुम्ही हाळी देत होता.

कवडी उठली. तिच्यामागं सगळी उठली. पेमाकाका आडवे धावले, ओरडले, काठी फेकली. पण त्यांच्या हाळीवर शेळी पण येत नाही. खांड तुमच्याकडं निघालं होतं. हाळीच्या शेवटाला माणूस नव्हता, ट्रक होता.

ढाबेवाल्यानं स्पीकर बंद केला आणि तोंड पण बंद केलं. पण त्याआधी त्यानं स्वतःचा एक व्हिडिओ टाकला होता, स्पीकरशेजारी उभा राहून, मिशीला पीळ देत. आठवड्यानं तो माझ्यासमोर आला. नाक्याचं नाव बघून मी सवयीनं त्याला लाल बदाम देऊन टाकला. मग नीट पाहिलं. त्याच्या खांद्यामागं, लांब, वावरात मेंढरं उठताना दिसतात. नऊ सेकंद. त्यापुढं नाही.

त्या रात्रीच पत्र लिहायला पाहिजे होतं. मी नाही लिहिलं. मी पेमाकाकाला शोधायला निघालो, म्हणजे तसं स्वतःला सांगितलं. खरं तर पळालोच. वाशीम, मग कळमनुरी, एका ठिकाणी तर नुसता क्रिकेटचा सामना बघत दोन दिवस राहिलो.

ते डोंगरकडा गावात सापडले. हळद शिजवायच्या कामावर आहेत, अंगभर पिवळे. मला बघून म्हणाले, “लेकरा, रोडावला बे तू. जेवला का?” मी सगळं सांगून टाकलं. ते कढईकडंच बघत होते.

“मला ठाव हाय ना,” म्हणाले. “म्या काय बहिरा हाय? तुह्या मामाचा आवाज स्पीकरातून ऐकला म्या.”

“मग मामाला काहून न्हाई सांगितलं?”

“सांगितलं असतं त तुला टाकलं असतं त्यानं. गडी गेला त दुसरा गडी भेटंल त्याला. भाचा कुठून आणंल?”

आणि मला गूळ दिला खायला. मामा, मी तो खाल्ला पण. पेढे खाल्ले, गूळ खाल्ला, मला सगळं जातं.

अजून दोन गोष्टी आहेत. त्या सांगितल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवून बसलोय.

पहिली. विश्वंभर सरांना मी मेंढरांचं सांगितलं. ते हळहळले, खोटं नाही बोलत. डोक्यावर हात फिरवला माझ्या. आणि म्हणाले, “मुन्नाजी, यावर एक लाइव्ह करा. लोक जोडले जातील. मामांना शेजारी बसवता आलं तर बघा.” मी म्हणालो, न्हाई. ते म्हणाले, मग दुसऱ्या पुस्तकाचं कठीण आहे. मी म्हणालो, माही वही द्या. ते तोवर फोनवर दुसऱ्याशी बोलायला लागले होते. सीमानं कपाटातून काढून दिली, माझ्याकडं न बघता. वहीवर कपाचा गोल डाग आहे.

लई मोठं काम केलं असं वाटलं मला त्या दिवशी. रस्ताभर छाती काढून चाललो. आणि बसस्टँडवर बसलो की काय केलं? मोबाइल काढून रीलचा आकडा पाहिला.

ही दुसरी गोष्ट. रील मी काढलीच नाही. कोमलला फोनवर म्हणालो होतो काढली, ते खोटं. दीड महिना ती तिथंच आहे. अकरा मेंढरं मातीत गेल्यावर पण मी रोज सकाळी उठून आकडा पाहत होतो. वाढला की बरं वाटायचं. मग बरं वाटल्याचं वाईट वाटायचं. मग परत पाहायचो.

मामा, आत्ता पेन खाली ठेवून काढली. मोबाइलनं विचारलं, नक्की काढायची का? पाच सेकंद लागले.

पण तो आवाज दुसऱ्या लोकांनी उचललाय. वरातीला लावलाय कुणी. ट्रॅक्टरला, बारशाला. एकानं सासू आल्यावर लावलाय. ते माझ्या हातात नाही. कोमल सांगत होती, नाक्यावरची पोरं मोटरसायकलवरून वाजवत जातात आणि खांड दोन्हीकडं माना फिरवत उभं राहतं, तुम्ही खरी हाळी दिली तरी हलत नाही. म्हणून तुम्ही आता हाळीच देत नाही, नुसती काठी आपटत हिंडता. तुमच्या बापाची हाळी होती ती. मी ती दहा हजार माणसांसाठी दिली आणि ती माणसं कोण, हे मला आज पण माहीत नाही.

माझं काय करायचं ते करा. दारात घेऊ नका, चालेल. पण पेमाकाकाला बोलवून आणा. माझ्या नावानं नका बोलावू. मारलेल्या हातानं बोलवा. हळदीचं काम पाडव्यापर्यंत आहे, मग ते कुठं जातील सांगता येत नाही. त्यांच्याकडं फोन नाही. सुखी आहेत.

मामींचं गुडघ्याचं औषध चालू ठेवा. कोमल, परीक्षेचा फॉर्म

मामा, हात थांबला. उत्तमसिंग बाहेरून म्हणाला, “मुन्ना, कोणी म्हातारा हुभा हाय, बोलत न्हाई काही.” वाकून पाहिलं. तुम्ही आहात. पाटीखाली चप्पल काढून, खांद्यावर घोंगडं, कुणाला काही न विचारता एकेका दुकानात डोकावून राहिलात. अर्ध्या कोसावरून हाळी देऊन येणारा माणूस, आज आवाज न देता आलात. खांड कुणापाशी सोडलं, कशाला आलात, काही ठाऊक नाही.

संगं कोमल नाही. म्हणजे हे मलाच वाचावं लागणार, तुमच्या तोंडाकडं बघत.

सही वाचून झाल्यावर करतो. तुम्ही करू दिली तर.