माझ्या बारशाचा बार

१४ ऑक्टोबर २०२४.
धडाम! मागोमाग चिंचेवरचे पोपट उडाल्याचा फडफडाट. माझ्या बारशाला वडिलांनी असोद्याच्या अंगणात काढलेला बार अजून कानात आहे. धावत जाऊन रिकामं काडतूस उचललं, शाळेच्या चड्डीच्या खिशात टाकलं. हेमलता म्हणाली, बारशाला शाळेची चड्डी? बायकोला काव्य कळत नाही.

१६ ऑक्टोबर.
पोलीस ठाण्यातून निरोप. निवडणूक आहे, बंदूक जमा करा. बारशाचीच ती बंदूक, दरवेळी जमा करतो. यंदा नाही! पुढच्या महिन्यात माझी पंचाहत्तरी. बंदूक मांडीवर घेऊन 'जन्मबार' ही स्वरचित कविता म्हणणार. बंदूक पुरातन ठरली तर सूट मिळेल, असं माझं मत. तेव्हा तिचं साल काढायचं. उद्यापासून संशोधन.

१७ ऑक्टोबर.
संशोधन नाही. 'बार'ला 'अपार' जुळलं.

१९ ऑक्टोबर.
एस.टी.ने धुळे. बंदुका दुरुस्त करणारे शकीलभाई म्हणाले, आबा, साल नळीच्या बुडाशी असतं, पण इथे तर कुंकवाचा थर! खरंय. दर दसऱ्याला तेल-कुंकू लावतो. पुसायची आमच्यात पद्धत नाही. खरवडू का, म्हणाले. वडिलांच्या हातचं कुंकू परक्याने खरवडायचं? परत जळगाव.

२२ ऑक्टोबर, दुपार.
लिंबू, जुना टूथब्रश. आकडा दिसला. बासष्ट! म्हणजे अठराशे बासष्ट. शेजारी 'मेड इन इंडिया'. बरोबरच आहे, इंडिया तेव्हाही होताच.

२३ ऑक्टोबर.
हेमलता म्हणाली, एकोणीसशे बासष्ट असेल. तुम्ही तेव्हा तेरा वर्षांचे. आणि त्याच साली विक्रमभाऊजी झाले ना?
चहा थंड झाला होता. तसं सांगितलं.
विक्रम माझा धाकटा भाऊ. नरडाण्याला असतो. वडिलांच्या दशक्रियेला अहिराणीत म्हणाला, बंदूक एकदाव मना हातमा दे, एकदा माझ्या हातात दे. माझ्या बारशाची आहे, म्हटलं, दिली नाही. तो हसला. उगाचच. तेव्हापासून येणं-जाणं नाही.

२५ ऑक्टोबर.
वडिलांनी आधी दुसरी बंदूक घेतली असेल. ती विकून ही. शक्य आहे. आई असती तर तिला विचारलं असतं.
कविता पुढे सरकत नाही.

२७ ऑक्टोबर, सकाळ.
आज शेवटचा दिवस. न नेल्यास परवाना जाईल म्हणे. बंदूक धोतरात गुंडाळली. 'जन्मबार'मधला 'माझा' खोडला. मात्रा कमी पडतात.
दारावर थाप. हवालदारच असणार. म्हटलं, आणतोच आहे साहेब!
दार उघडलं. विक्रम. केस पार पिकलेले, हुबेहूब वडील. हेमलता स्वयंपाकघरातून बाहेर येईना. फोन तिनेच केला असणार.
विक्रम उंबऱ्याबाहेरच उभा. म्हणाला, "भाऊ, मना बारसानी बंदूक जमा करी ऱ्हायना ना तू? पहिले एकदाव मना हातमा दे."