परात, झाकण आणि वाळू

३ तारीख, मंगळवार

परातीने आजही कोळंबीला तोंड लावलं नाही. चार दिवस झाले!

वही नवी आहे, तेव्हा एकदा लिहून ठेवतो. परात म्हणजे आमच्या टाकीतली पाकट मादी. गोड्या पाण्यातली, गोल, चपटी, शेपटीत विषारी काटा. तिच्याहून लहान नर, तो झाकण. नावं माझी. मासे मुलाचे. हौसेने आणले, बैठकीची अर्धी भिंत टाकीने अडवली आणि दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी गेला तो गेलाच. तिकडे दुसरा संसार थाटला. राहिलो आम्ही – मी, सूनबाई आणि हे दोन चपटे.

सूनबाई पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. घरातही तेच! सकाळी टाकीचं पाणी नळीत घेतलं, औषधाचे थेंब टाकले, पाणी हिरवं झालं. म्हणाली, अमोनिया वाढलाय, कारणच कळत नाही. शहराचं पाणी तपासते आणि घरची टाकी समजेना म्हणून ती वैतागली. मी पेपरात डोकं घातलं.

४ तारीख

कारण मी आहे.

ती सकाळी कोळंबी घालते. मी दुपारी घालतो, तिला न सांगता. मी एकटा जेवायला बसलो की परात काचेशी येते आणि पंख फडफडवते. खाली बघून कसं जेवणार माणूस? दोन तुकडे टाकायचो. दोनाचे पाच कधी झाले कळलं नाही. उरलेलं वाळूत सडत असणार.

चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. जास्त तेल घातलं तर घड्याळ बंद पडतं, हे गिऱ्हाइकांना मीच सांगायचो!

९ तारीख

दुपारचं बंद करून पाच दिवस झाले. पाणी पुन्हा पिवळं, म्हणजे ठीक. पण परात खात नाही ती नाहीच. शिवाय तिच्या कडेला चावे दिसले. झाकणाचंच काम. मग आजारी आहे की भांडण आहे? सूनबाईला माहीत नाही, मला तर नाहीच नाही.

टेबलावर तिच्या नावाचं पत्र होतं. उघडंच, म्हणून वाचलं. दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेची ती प्रमुख होणार. तेवीसला हजर व्हायचं. मला अवाक्षर बोलली नाही.

१० तारीख

आजही बोलली नाही. मीही नाही.

१४ तारीख

माशांचा दुकानदार येऊन टाकी बघून गेला. म्हणाला नर छळतोय, मादीला मोठी जागा हवी. त्याच्याकडे आवारात हौद आहे, दोघांना न्यायला तो तयार आहे.

तो गेल्यावर सूनबाईनेच पत्राचा विषय काढला. नाही म्हणून कळवणार आहे म्हणे, कारण एवढे मोठे मासे हलवता येत नाहीत. माझ्या तोंडून निघून गेलं, "मग मासे देऊन टाक आणि जा."

तिने विचारलं, "तुम्हाला करमेल, बाबा?"

"मला काय! घड्याळं आहेत."

असं का बोललो? मला ती जायला नको आहे. एकदाचं लिहून टाकतो. मुलगा गेला त्या दिवशी ती माहेरी जाऊ शकत होती. गेली नाही. माझा चष्मा कुठे आहे हे माझ्याआधी तिला ठाऊक असतं. पण बेचाळिसाव्या वर्षी तिने एका म्हाताऱ्याच्या चष्म्यासाठी का थांबावं? पोटात एक आणि ओठात एक. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

१८ तारीख

मासे गेले. दुकानदाराने शेपटीवर जाड नळी चढवली आणि टबात घालून दोघांना नेलं. परात जाताना पोटाने बरीच सपाट दिसली. उपाशी राहून वाळली बिचारी. वाळू इतकी ढवळली होती की पाण्यातलं काही दिसत नव्हतं.

संध्याकाळी सूनबाई टाकीपाशी बराच वेळ उभी होती. आत आली तेव्हा बाही कोपरापर्यंत भिजलेली आणि डोळे लाल. माशांचा तिला एवढा लळा असेल असं वाटलं नव्हतं. मी चहा केला. साखर घालायला विसरलो. तिने तसाच प्यायला.

१९ तारीख

काहीच समजत नाही. आज रिकामी टाकी न्यायला एकजण येणार होता, त्याला तिने फोन करून नको म्हणून सांगितलं. मला म्हणाली, टाकी राहू दे, फिल्टर आणि हीटर अजिबात बंद करायचे नाहीत. का? तर बंद केले की खराब होतात. रिकाम्या टाकीत कोणाला ऊब द्यायची आहे? पण जाणाऱ्या माणसाशी हुज्जत कशाला.

२१ तारीख

ती प्रयोगशाळेत निरोप घ्यायला गेली होती. मी वाळू सारखी करायला टाकीत हात घातला आणि वाळू हलली.

हात झटकून बाहेर! मग डोळ्याला घड्याळाचं भिंग लावून काचेशी बसलो. वाळूतून चार डोळे माझ्याकडे बघत होते. दोन पिल्लं, छोट्या बशीएवढी. हुबेहूब परात!

म्हणजे ती आजारी नव्हतीच. चावे होते ते भांडणाचे नव्हते, जोडी जमतानाचे होते. घरात दोन शहाणी माणसं आणि दोघांनाही पत्ता नाही! मी एकटाच मोठ्याने हसलो. किती महिन्यांनी, कोण जाणे.

मग हसू गेलं. पिल्लांना दिवसातून चार वेळा भरवावं लागतं. तिने ही पाहिली तर बॅग उघडेल आणि कपडे परत कपाटात लावेल, मला खात्री आहे. तसं झालं तर मला आनंद होईल, याचीच मला लाज वाटली. माझ्या घरापायी ती पुष्कळ अडून राहिली. आता पुरे.

दुकानदाराला बोलावलं. ती यायच्या आत तो पिल्लं घेऊन गेला. खूश होता. म्हणाला, लहान पाकटांसाठी एक गिऱ्हाईक कधीपासून मागे लागलंय. मी वाळू सपाट केली. तिला ताकास तूर लागू दिली नाही.

२२ तारीख

गेली. वाकून नमस्कार केला, मी तोंड फिरवून कुलूप शोधत बसलो. रिक्षात बसल्यावर पुन्हा उतरली, आत जाऊन टाकीकडे एक नजर टाकून आली. काही विसरलं का विचारलं, तर हसली. "वाळूवर लक्ष ठेवा, बाबा."

वाळूवर काय लक्ष ठेवायचं?

फ्रीजरमध्ये कोळंबीची मोठी पिशवी राहिली आहे. पार बारीक चिरलेली. गडबडीत विसरली असणार.

२३ तारीख

दुपारी जेवायला बसलो. काचेशी कोणी आलं नाही. अर्धं ताट तसंच ठेवलं.

संध्याकाळी तिचा फोन. खोली मिळाली, काम चांगलं आहे. मग एकदम – "पिल्लं दिसली की नाही अजून?"

तिला अठरा तारखेलाच सापडली होती! वाळूत हात घातला तेव्हा. मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस?

"सांगितलं असतं तर तुम्ही लगेच दुकानदाराला बोलावलं असतं. म्हटलं, तुमची तुम्हाला सापडू देत. घरात कोणीतरी हवं ना तुमच्याबरोबर. आणि दुपारी दोनच तुकडे घाला हं, पाच नकोत."

मी म्हणालो, दिसली. छान आहेत. खातात.

लगेच दुकानदाराला फोन लावला. उचलत नाही. आज त्याची सुट्टी.

२४ तारीख

दुकान दहाला उघडतं. मी आठपासून पायरीवर बसलोय, मांडीवर रिकामी बादली, पिल्लं परत आणायला.