बुधवारची बाटली

३, सोमवार
आजपासून कंपनीचं बिंग फोडायचं. ठरलं म्हणजे ठरलं. रंगांच्या या कारखान्याचा 'हरित अहवाल' मी आठ वर्षं लिहितोय. नाल्याच्या पाण्याचा नमुना घेतात रविवारी, मशिनं बंद असताना. त्यात काय सापडणार, कपाळ! आणि मी लिहितो, 'निर्मळ'. आता बास. यंदाच्या मुखपृष्ठावर हिरवं पान घ्यायचं की पाण्याचा थेंब, एवढं उरकलं की लगेच.

५, बुधवार
लॅबमधल्या बाईंनी आज, मशिनं धडधडत असताना, नाल्यावर बाटली भरली. रजिस्टरला दोन सह्या लागतात. दुसरी मी ठोकली. चहा पिता पिता केली, वाचलं नव्हतं. पण धाडस ते धाडसच.

११, मंगळवार
रिपोर्ट आला. क्रोमियम मर्यादेच्या नऊपट. बाईंनी तो थेट प्रदूषण खात्याला पाठवला. मी पाठवणारच होतो, त्यांनी घाई केली. नाला त्यांच्याच वस्तीतून जातो, विहिरीत तेच मुरतं. त्यांच्या सासूबाईंच्या हातापायांवर जखमा झाल्यात म्हणाल्या. फार वाईट वाटलं. दुपारी अहवालाची प्रस्तावना पूर्ण केली.

१४, शुक्रवार
नमुना कधीही, न कळवता घ्यायचा, असा सरकारचा नवा नियम येतोय. साहेबांनी बोलावलं. म्हणाले, मंत्र्यांच्या माणसाला मसुदा आपणच 'सुधारून' द्यायचाय. शिवाय नियमाच्या विरोधात नागरिकांची चाळीस पत्रं हवीत, चाळीस नावांनी. लिहिली. शत्रूच्या गोटात शिरल्याशिवाय पुरावा मिळतो का? निवृत्त शिक्षकाचं पत्र तर फारच छान जमलंय. पुरावा म्हणून झेरॉक्स काढायच्या राहिल्या.

१८, मंगळवार
बाईंना घरी बसवलं. आरोप, नमुना बनावट. शुक्रवारी चौकशी. गेटवर भेटल्या. म्हणाल्या, सर, सही तुमची आहे एवढंच सांगा, बाकी माझं मी बघते. म्हटलं, एवढंच? अहो, सगळं सांगतो!

२०, गुरुवार
भाषण तयार. चार पानं. सौ.ला वाचून दाखवलं. ती म्हणाली, अहो, 'हो' म्हणायला चार पानं कशाला? तिला यातलं कळत नाही.

२१, शुक्रवार, दुपारी १
चौकशी झाली. साहेब समोरच बसले होते. मला विचारलं, ही सही तुमची का? मी म्हणालो, माझ्यासारखी दिसते खरी. मुत्सद्दी उत्तर. धड हो नाही, धड नाही नाही. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. भाषण खिशातच राहिलं.

२७, गुरुवार
बाईंना काढलं. नियम बारगळला. शिक्षकाचं पत्र सभागृहात वाचून दाखवलं म्हणे. साहेबांनी पाठ थोपटली. जेवण गेलं नाही. ॲसिडिटी असावी.

३०, रविवार
धीर द्यायला बाईंच्या घरी गेलो. सासूबाई कॉटवर, पायांना फडकी बांधलेली. त्यांनीच सुनेला पाणी द्यायला सांगितलं. मी म्हटलं, तहान नाही. खोटं होतं, उन्हातून चालत गेलो होतो.

बाई म्हणाल्या, माफीनामा दिला तरच कंपनी अनुभवाचा दाखला देणार. नमुना घेताना माझीच चूक झाली, असं लिहायचंय. दाखल्याशिवाय दुसरी कुठलीच लॅब दारात उभं करत नाही. तुम्ही छान लिहिता सर, तुम्हीच लिहून द्या.

मी म्हटलं, छे, आपण लढू.

त्यांनी विचारलं, आपण म्हणजे कोण?

लिहून दिला. एका बैठकीत, एकही खाडाखोड नाही. बाईंनी दोनदा वाचला. म्हणाल्या, इतका खरा वाटतोय सर, की मलाच वाटायला लागलंय, चूक माझीच होती.

मला रडू आलं. त्यांना नाही आलं.