न दिसलेला ठोसा

शनिवार, संध्याकाळ

आज बॉक्सिंगच्या सरावात सुनीताचा उजवा ठोसा डाव्या कानशिलावर बसला आणि मी पडले. तिचे याहून जोराचे ठोसे मी रोज झेलते. मग आजच का पडले?

सर म्हणाले, "ठोसा येताना दिसला, की मान ताठ होते, दात आवळतात. त्यामुळं मार सोसतो. लक्ष कुठं होतं तुझं?"

लक्ष तिथंच होतं. चाऱ्याचे भारे वाहून मानही दणकट आहे. पण बुधवारपासून डाव्या डोळ्याच्या कडेला काळा पडदा आल्यासारखं होतंय. कुणाला बोलले नाही. पुढच्या आठवड्यात संघाची निवड आहे. सांगितलं तर नाव जाणार. नाही सांगितलं तर... डोळा?

घरी येऊन उजवा डोळा झाकला. डावीकडं बांधलेली शेळी दिसेचना. घाबरून सरांना फोन लावला.

"आधी का न्हाई बोललीस?" ते ओरडले. मग हळू आवाजात म्हणाले, "सकाळीच दवाखान्यात जाऊ. निवडीतून नाव मी काढून घेतो."

"बरं सर," एवढंच म्हणाले आणि रडले.

आई माझी एकही लढत बघायला आलेली नाही. आज फोनवरचं ऐकून म्हणाली, "दवाखान्यात मी बी येते."

"आणि शेळ्या?"

"राहू दे शेळ्या."